दुसरा डोस कुठे गेला? ऊसतोड महिलांच्या गर्भनिरोधक नोंदी राष्ट्रीय आरोग्य माहिती प्रणालीशी जुळवताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण मराठवाड्यातील एका तालुक्याचे आहे. गावे आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील आणि आकडे बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. त्या काळात मी जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात माहिती आणि सनियंत्रणाचे काम पाहत होते. पुढे सांगितलेल्या निर्णयांपैकी दोन माझ्याच सूचनेवरून झाले आणि त्यांपैकी एक चुकला.

तालुका ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळी उलटली की वाड्या-तांडे रिकामे होतात. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली जोडपी गाळप हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात जातात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे बाईने गावी राहायचे ठरवले तर उचलच मिळत नाही. पाडव्याच्या आगेमागे माणसे परत येतात. वर्षातले पाच-सहा महिने या तालुक्यातील मोठा प्रजननक्षम गट दुसऱ्याच जिल्ह्यातील एखाद्या कारखान्याच्या पालांवर राहत असतो, आणि त्याची पात्र जोडप्यांची नोंदवही मात्र इथल्या उपकेंद्राच्या कपाटात असते.

भारतात कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. त्यानंतर अनेक दशके या कार्यक्रमाची मोजदाद प्रामुख्याने नसबंदी शस्त्रक्रियांभोवती फिरत राहिली. १९९६ मध्ये केंद्राने वरून खाली दिली जाणारी उद्दिष्टे काढून टाकली, तरी मोजण्याची सवय लगेच बदलली नाही. त्याला कारणही होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीतही देशातील विवाहित महिलांपैकी ३७.९ टक्के महिला स्त्री-नसबंदीवर अवलंबून असल्याचे दिसले. शस्त्रक्रिया एकदा होते, एकदा नोंदली जाते आणि ती नोंद कायम खरी राहते. २०१७ मध्ये सार्वजनिक आरोग्य सेवेत 'अंतरा' हे तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन आणि 'छाया' ही गोळी आली, तेव्हा ही सोय संपली. अंतराचा डोस दिल्याची नोंद बाईला फक्त त्या तिमाहीपुरते संरक्षण मिळाल्याचे सांगते. पुढच्या तिमाहीत ती सुरक्षित आहे की नाही, हे पुढचा डोस झाला तरच कळते. छायाची अडचण आणखी निराळी आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन गोळ्या आणि नंतर आठवड्याला एक, असा तिचा क्रम असल्यामुळे आठ गोळ्यांची पट्टी नव्या बाईला महिनाभर आणि जुन्या बाईला दोन महिने पुरते. वाटलेल्या पट्ट्यांच्या संख्येवरून वापरणाऱ्या महिलांची संख्या निघत नाही.

ही माहिती तीन वाटांनी वर जात होती. पहिली वाट २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीची, ज्याला सगळे जण एचएमआयएस म्हणतात. तिच्यात प्रत्येक केंद्र महिन्याचे एकूण आकडे भरते आणि अंतराच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि त्यापुढील डोसांसाठी वेगवेगळे रकाने आहेत. दुसरी वाट आरसीएच, म्हणजे प्रजनन आणि बाल आरोग्य, पोर्टलची. त्यावर पात्र जोडपे, गरोदर माता आणि बालके यांची नावानिशी नोंद होते. तिसरी वाट साधनांच्या साठ्याची. गर्भनिरोधकांचा पुरवठा राष्ट्रीय पातळीपासून आशांपर्यंत दिसावा म्हणून २०१७ मध्ये एफपीएलएमआयएस ही स्वतंत्र प्रणाली सुरू झाली होती. पहिली प्रणाली सेवा मोजते, दुसरी बाई मोजते, तिसरी कुपी मोजते. तिन्हींत शेवटी नोंद करणारी व्यक्ती बहुधा एकच, उपकेंद्राची आरोग्यसेविका.

समस्या

एका तालुका आढावा बैठकीत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी सहज विचारलेल्या प्रश्नातून प्रकरणाला तोंड फुटले. मे आणि जून महिन्यांत तालुक्यात अंतराचे पहिले डोस भरघोस झाले होते आणि त्याबद्दल कौतुकही झाले होते. त्यांनी विचारले, "मागच्या वर्षीही उन्हाळ्यात इतक्या नव्या महिला आल्या होत्या, त्याच्या मागच्या वर्षीही आल्या होत्या. तालुक्यात दरवर्षी इतक्या नव्या महिला येतात कुठून?"

आम्ही एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवह्या काढून बसलो. पहिला डोस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तपासणीनंतर केंद्रात आणि पुढचे डोस उपकेंद्रात, अशी तिथली पद्धत होती, त्यामुळे एकाच बाईची नोंद दोन वह्यांत विभागलेली होती. मे महिन्याच्या पानावर पहिल्या डोसाची १४ नावे होती. आधीच्या वर्षाच्या वहीशी ती एकेक करून ताडली, तेव्हा त्यांतल्या ९ जणी जुन्याच निघाल्या. त्यांनी आदल्या मे महिन्यात पहिला आणि ऑगस्टमध्ये दुसरा डोस घेतला होता. तिसरा डोस नोव्हेंबरात यायचा होता, चौथा फेब्रुवारीत. दोन्ही वेळा त्या पालावर होत्या. एकीने तिथल्या सरकारी दवाखान्यात डोस घेतल्याचे सांगितले, पण तिच्याजवळ कागद नव्हता. बाकीच्यांचे डोस चुकले होते आणि परतल्यावर त्यांची नोंद पुन्हा 'पहिला डोस' म्हणून झाली होती.

आरोग्यसेविकेने नियमाविरुद्ध काही केले नव्हते. अंतराचा पुढचा डोस ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत देता येतो. त्याहून उशीर झाला तर गर्भधारणा नसल्याची खात्री करून पुन्हा सुरुवात करावी लागते. ती सुरुवात नव्या महिलेची म्हणून मोजायची की परतलेल्या महिलेची, याचे उत्तर मासिक अहवालाच्या नमुन्यात नव्हते. त्यामुळे राज्य आणि देश पातळीवर पोहोचणारा आकडा सांगत होता की या तालुक्यात पद्धतीचा स्वीकार झपाट्याने वाढतो आहे. प्रत्यक्षात त्याच बाया दरवर्षी सहा महिने संरक्षणाविना काढून पुन्हा दारात उभ्या राहत होत्या. ज्या परतल्या नाहीत, किंवा गरोदर होऊन परतल्या, त्या या आकड्यात कुठेच नव्हत्या.

खोलात गेल्यावर आणखी दोन विसंगती हाती आल्या. औषध निर्माण अधिकाऱ्यांनी उपकेंद्राला कुपी दिल्या की साठ्याच्या प्रणालीत त्या 'वापरल्या' अशा दिसत. त्या उपकेंद्राच्या कपाटात पडून असल्या तरीही. आणि प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत बसवलेली तांबी दोनदा मोजली जात होती. ग्रामीण रुग्णालय ती आपल्या सेवेत धरत असे, तर आरोग्यसेविका आपल्या कार्यक्षेत्रातील लाभार्थी म्हणून तिची पुन्हा नोंद करत असे. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या, त्यामुळे हे दोन अहवाल एका टेबलावर कधी येतच नव्हते. तांबीचा प्रश्न मात्र लवकर सुटला. सेवा जिथे दिली तिथेच एचएमआयएसमध्ये मोजायची, हा नियम आधीपासूनच होता आणि तो लेखी आठवण करून दिल्यावर पाळला गेला. म्हणून पुढचे विवेचन अंतरापुरते ठेवते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा होता. तिन्ही प्रणालींचे आकडे दर महिन्याला शेजारी ठेवायचे, तफावत दिसली की केंद्राकडून खुलासा मागवायचा. याने कागद जुळले असते. पण जी बाई कारखान्यावर आहे तिचा डोस चुकतोच, आणि तो चुकल्याचे आपल्याला पाडव्यानंतर कळते, यात काही फरक पडला नसता. शिवाय खुलासा मागवण्याचा परिणाम काय होतो हे मी अनेकदा पाहिले आहे. आकडा दुरुस्त होण्याऐवजी दुसऱ्या आकड्यासारखा लिहिला जातो.

दुसरा पर्याय सगळे काही आरसीएच पोर्टलवरील नावानिशी नोंदीवर नेण्याचा. बाईचा नोंदणी क्रमांक सोबत गेला, कारखान्याच्या परिसरातील आरोग्यसेविकेने तो उघडून डोस नोंदवला, की महिनाअखेरीचे आकडे त्यातूनच तयार होतील. तत्त्वतः हाच योग्य मार्ग आहे असे माझे आजही मत आहे. पण त्या वेळी पोर्टलवर गर्भवतींच्या आणि बालकांच्या नोंदी जितक्या काळजीने होत, तितक्या पात्र जोडप्यांच्या होत नव्हत्या. टॅब्लेटवरचे ॲप आणि वही या दोन्हींत तेच लिहावे लागत असल्याने आधी वही आणि मग, वेळ मिळाला तर, ॲप असा क्रम पडला होता. क्रमांक कुणाला पाठ नव्हता. तिकडच्या आरोग्यसेविकेला इकडच्या गावाची नोंद उघडण्याचा अधिकार कसा मिळणार, याचे उत्तर जिल्हा पातळीवर कुणाकडेही नव्हते.

तिसरा पर्याय मुकादमामार्फत निरोप देण्याचा. टोळी कुठे आहे, किती कोयते आहेत, हे मुकादमाला नेमके माहीत असते, म्हणून डोस चुकलेल्यांची यादी त्याच्या हाती द्यावी, अशी सूचना एका बैठकीत गंभीरपणे आली. ती आम्ही ठामपणे नाकारली. ज्याची उचल फेडण्यासाठी बाई राबते, त्याला तिच्या पोटी मूल येणार की नाही याची यादी देणे कोणत्याही सोयीसाठी मान्य होण्यासारखे नव्हते. या मुद्द्यावर बैठकीत मतभेद झाले, कारण सूचना करणाऱ्या अधिकाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता आणि त्यांच्याजवळ दुसरा उपायही नव्हता.

चौथा पर्याय बाईच्या हातातल्या कार्डाचा होता. अंतरा घेणाऱ्या प्रत्येकीला डोसांच्या तारखांचे कार्ड द्यायचे असतेच. ते नीट भरावे, त्यावर आरसीएच क्रमांक लिहावा, पुढच्या दोन डोसांच्या तारखा ठळक लिहाव्यात आणि कारखान्याच्या भागातील केंद्राने त्या कार्डावरून सेवा द्यावी.

निर्णय आणि कृती

आम्ही चौथा पर्याय पायाभूत धरून त्याला पहिल्याची जोड दिली. महिन्यातून एकदा औषध निर्माण अधिकारी, आरोग्य सहायिका आणि डेटा एंट्री ऑपरेटर एका टेबलावर बसतील. वहीतील नावे, एचएमआयएसमध्ये भरायचा आकडा आणि शिल्लक कुपी हे तिन्ही ताडून पाहतील आणि मगच अहवाल वर जाईल, असे ठरले. वहीत दोन नवे रकाने आखले. एक, डोस पुन्हा सुरू झाला असेल तर आधीच्या शेवटच्या डोसाची तारीख. दुसरा, थांबवल्याचे कारण. एचएमआयएसच्या नमुन्यात 'पुन्हा सुरुवात' असा रकाना आम्हाला घालता येणार नव्हता, म्हणून वर पहिला डोस म्हणूनच आकडा जाईल, पण त्यातल्या परतलेल्या किती हे तालुका आपल्या टिपणीत लिहील, अशी तडजोड केली.

कार्डाचा अनुभव मात्र आम्ही ठरवल्यापेक्षा वेगळा आला. सप्टेंबरात एका उपकेंद्रात मी बसले असताना आरोग्यसेविकेने एका बाईला नवे कार्ड दिले. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि परत टेबलावर ठेवले. "सिस्टर, हे तुमच्यापशीच राहू द्या," ती म्हणाली. "पालावर एक पेटी, तीत सगळ्यांचंच सामान. सासू पेटी उघडती." डोस घेत असल्याचे तिने घरी सांगितलेले नव्हते. त्याच बैठकीत आणखी दोघींनी कार्ड नेण्यास नकार दिला. आमच्या सगळ्या आराखड्याचा आधार असलेला कागदच बाईला धोक्यात घालणारा ठरू शकतो, हे आम्हाला तिथे उमगले.

मग त्या आरोग्यसेविकेनेच मार्ग सुचवला. कार्डाऐवजी, औषधाचे नाव आणि पद्धतीचा उल्लेख न करता फक्त क्रमांक आणि दोन तारखा लिहिलेली लहान चिठ्ठी द्यावी. ती तपासणीची तारीख म्हणून खपते. ज्यांना पूर्ण कार्ड चालत होते त्यांना कार्ड, बाकीच्यांना चिठ्ठी, असे ठरले. मला हा निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो आणि तो कार्यालयात झालेला नव्हता.

दुसरा निर्णय-बिंदू मोबाईल क्रमांकाचा होता. पुढच्या डोसाचा संदेश पाठवण्याची सोय करावी असा आग्रह होता. आम्ही वहीतले क्रमांक तपासले, तर बहुतेक ठिकाणी नवऱ्याचा क्रमांक होता आणि काही ठिकाणी आशाताईंनी स्वतःचाच क्रमांक लिहिलेला होता. 'लाभार्थीचा मोबाईल' या रकान्याशेजारी 'हा फोन कोणाकडे असतो' आणि 'संदेश चालेल का' हे दोन प्रश्न वाढवले. ज्या बाईने दुसऱ्या प्रश्नाला नाही म्हटले तिला कोणताही संदेश पाठवायचा नाही, असे लेखी कळवले. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा, पण संमतीचा हा प्रश्न विचारायला आम्हाला कायद्याची वाट पाहावी लागली नाही. उपकेंद्रातील टेबलावर परत ठेवलेले ते कार्ड पुरेसे होते.

आणि इथेच माझी चूक झाली. हंगामाला निघण्याआधी ज्यांचा डोस नोव्हेंबरात येणार आहे अशा महिलांची गावनिहाय यादी मी तयार केली आणि आरोग्य सहायिकांना पाठवली, म्हणजे त्या निघण्यापूर्वी दोन आठवड्यांच्या मुदतीत बसणाऱ्यांना आधीच डोस देऊ शकतील. यादीत नाव, गाव आणि पद्धत होती. एका ठिकाणाहून ती आशांच्या व्हॉट्सॲप गटावर गेली. आशाताईंचे फोन अनेकदा घरातली माणसेही वापरतात. आठवडाभरात एका गावातून निरोप आला की यादी गावातल्या एका पुरुषाने पाहिली आणि एका बाईच्या घरी वाद झाला. आशाताई तिच्या घरी गेल्या, बोलल्या, वाद मिटला असे आम्हाला कळवण्यात आले. त्या बाईने पुढचा डोस घेतला नाही. यादी गटातून काढायला लावली, पण काढलेली यादी न पाहिलेली होत नाही. त्यानंतर यादी कागदावर, आरोग्यसेविकेच्या हाती, आणि फक्त क्रमांकाने, असा नियम केला. तो आधी करायला हवा होता. माहिती जोडण्याच्या उत्साहात ती कुणाच्या फोनवर उघडेल, याचा विचार मी केला नव्हता.

निष्पत्ती

पहिल्या वर्षाचे निष्कर्ष मिश्र होते. मासिक ताळा नियमित झाला आणि साठ्याची तफावत जवळजवळ संपली. निघण्याआधी मुदतीत बसणाऱ्या बऱ्याच महिलांना गावीच डोस मिळाला. एवढ्यानेही त्यांचा पुढचा डोस नोव्हेंबरऐवजी जानेवारीच्या अखेरीस गेला, म्हणजे पालावर चुकू शकणाऱ्या दोन डोसांपैकी एक कमी झाला.

कारखान्याच्या बाजूला मात्र आम्ही अडखळलो. चिठ्ठी घेऊन गेलेल्या काही महिलांना तिथल्या केंद्राने डोस दिला, पण नोंद आपल्या वहीत 'बाहेरील' म्हणून वेगळ्या पानावर केली आणि मासिक अहवालात धरली नाही. एका केंद्राने या आपल्या कार्यक्षेत्रातल्या नाहीत असे सांगून परत पाठवले. सेवा दिली तिथे मोजायची हा नियम त्यांनाही लागू होता. पण त्यांना कुपी त्यांच्या लोकसंख्येच्या मागणीनुसार मिळत होत्या आणि हंगामात येणाऱ्या हजारो माणसांचा त्या मागणीत समावेश नव्हता. ज्या सेवेसाठी साठाच मोजलेला नाही, ती सेवा आकड्यात कशी येणार? साठ्याची आणि सेवेची प्रणाली जोडण्याचा खरा उपयोग इथे होता, आणि तो आमच्या जिल्ह्याच्या सीमेबाहेर होता.

उन्हाळ्यात पहिल्या डोसांचा आकडा ठळकपणे घसरला, कारण परतलेल्या महिलांपैकी काहींचे डोस आता सलग होते आणि त्या 'नव्या' राहिल्या नव्हत्या. जिल्हा आढाव्यात तालुका तक्त्याच्या तळाशी गेला. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कामगिरी खालावल्याबद्दल विचारणा झाली. त्यांनी वहीतली पाने आणि टिपणी समोर ठेवली, आणि आकडा कमी होणे हेच काम झाल्याचे लक्षण आहे, हे तासभर समजावून सांगितले. ते मान्य झाले, पण तालुक्यातल्या आरोग्यसेविकांना त्या महिन्यात मिळालेली बोलणी परत घेता आली नाहीत. पुढच्या वर्षी एका उपकेंद्रात 'पुन्हा सुरुवात' असलेली नावे पुन्हा नव्या महिला म्हणून लिहिलेली आढळली. कारण विचारण्याची गरज नव्हती.

थांबवल्याच्या कारणांच्या रकान्यानेही एक गोष्ट दाखवली. मी धरून चालले होते की बहुतेक डोस स्थलांतरामुळे चुकतात. पण अनेक जणींनी पाळी अनियमित झाली किंवा थांबली म्हणून सोडल्याचे लिहिले गेले. त्यांना कुणी आधी नीट सांगितले नव्हते की असे होऊ शकते. ऊसतोडीत पाळीचे दिवस काढणे किती अवघड असते हे माहीत असूनही, पाळी थांबल्याची भीती त्यांच्यासाठी मोठी होती. ही माहिती राष्ट्रीय प्रणालीत कुठेही जात नाही आणि समुपदेशन सुधारण्यासाठी तीच सर्वांत उपयोगी आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वप्रथम, कारखान्याच्या जिल्ह्याशी बोलणी ऑगस्टमध्ये व्हायला हवी होती; आम्ही डिसेंबरात पत्र पाठवले, तेव्हा त्यांची साठ्याची मागणी कधीच गेलेली होती. निघणाऱ्या कोयत्यांची अंदाजे संख्या त्यांना आधी कळली असती, तर निदान कुपींचा प्रश्न सुटला असता. त्यासाठी एकाही बाईचे नाव पाठवण्याची आवश्यकता नव्हती.

दुसरे, आढाव्यात पहिल्या डोसांवरून क्रमवारी लावणे थांबवावे, ही मागणी आम्ही पहिल्याच महिन्यात लेखी मांडायला हवी होती. तिमाहीतल्या पहिल्या डोसांशी पुढच्या तिमाहीतले दुसरे डोस ताडून सातत्याचा अंदाज काढता येतो, पण तो स्थिर लोकसंख्येत. जिथे निम्मे गाव ऑक्टोबरात निघून जाते तिथे हे गुणोत्तर हंगाम मोजते, सेवा नव्हे. असे तालुके क्रमवारीतून वेगळे काढणे वरिष्ठ कार्यालयाला अशक्य नव्हते.

तिसरे, रकाने आखण्यापूर्वी आम्ही महिलांशी बोललो नाही. कार्डाचा अनुभव सप्टेंबरात आला. जुलैमध्ये चार गावांत बसून विचारले असते तर तो आधीच कळला असता. आरोग्यसेविकांना तो माहीत होता, पण त्यांना विचारण्याची आमची पद्धत म्हणजे आढावा बैठक, आणि तिथे कुणी असे बोलत नाही.

नोंदवहीतला 'हा फोन कोणाकडे असतो' हा रकाना त्या तालुक्यात पुढेही राहिला. मी शेवटचे पाहिले तेव्हा एका पानावर तेरा ओळींपैकी आठ ओळींत 'नवरा', दोन ओळींत 'शेजारीण' आणि एका ओळीत, आरोग्यसेविकेच्या नीटस अक्षरात, 'तिचा स्वतःचा, फक्त दुपारी' असे लिहिलेले होते. उरलेल्या दोन ओळी कोऱ्या होत्या. त्या बायकांनी क्रमांक द्यायला नको म्हटले होते, आणि तसे समासात नमूद केले होते.